खालची पायरी

घरांमागचे स्विमिंग पूल साफ करणाऱ्या त्या माणसाला सगळे टाचबुवा म्हणत. काम झालं की तो चपला काढून पाण्यात उतरायचा आणि एकेका पायरीवर टाच घासून बघायचा. "हिरवं गेलेलं डोळ्यांना दिसतं," तो म्हणायचा, "बुळबुळ गेली का, ते टाच सांगते." औषधाने शेवाळाचा रंग उडतो, पण शेवाळ फरशीला चिकटूनच राहतं. ते ब्रशनेच सुटतं, तेही जोर लावून. एकतीस वर्षं त्याने यात कसूर केली नव्हती.

त्या सोमवारी एका बंगल्यावर काम होतं आणि त्याची कंबर धरली होती. औषध टाकलं, भिंती घासल्या, तळाचा गाळ काढला. सगळ्यात खालची पायरी सावलीत होती. तिथे वाकणं जिवावर आलं. पाणी निळंशार दिसत होतं. तो चपला न काढताच निघाला.

पुढच्या सोमवारी गेला, तर मालकाची आई मनगटाला पट्टा बांधून खुर्चीत बसलेली. आजी रोज सकाळी अर्धा तास पाण्यात चालायची. तेवढाच वेळ तिचे गुडघे गप्प असायचे.

"काय झालं, आजी?"

"खालच्या पायरीवर पाय सटकला. वय झालं, दुसरं काय!"

मालक म्हणाला, "आता पाणी बंद. पूल बुजवून बाग करतो."

"मेल्या, मी काय कुंडी आहे, बागेत ठेवायला?" आजी म्हणाली. पण आवाजात दम नव्हता. आपल्याच पायांवरचा तिचा भरवसा उडाला होता.

मालक आत गेला. टाचबुवा पाण्यात उतरला. खालच्या पायरीवर टाच ठेवली, ती सर्रकन घसरली. ब्रश हातातच होता. दहा मिनिटं घासलं असतं, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

त्याने ब्रश काठावर ठेवला. "साहेब, जरा या. इथे हात लावून बघा."

मालकाने बाही सारून हात घातला. बोटं बुळबुळीत निघाली. "हे काय?"

"माझं राहिलेलं काम. मागच्या वेळी मी ही पायरी घासली नाही. कंबर दुखत होती..." तो थांबला. "कंबर दुखतच होती. पण मी कंटाळा केला. आजींच्या पायांचा काही दोष नाही."

"हाड मोडलं असतं म्हणजे?" मालक म्हणाला.

टाचबुवाचे कान तापले होते.

आजी मात्र खुर्चीतून उठलीच. "ऐकलंस? पाय शाबूत आहेत माझे!" टाचबुवाला तिने एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

तो पायरी घासायला लागला. आजी काठाशी येऊन उभी राहिली.

"मग पट्टा सुटला की उतरू ना मी?"

मुलगा शेजारीच होता, पण ती टाचबुवाला विचारत होती. त्याने ब्रश बाजूला ठेवला आणि घासलेल्या पायरीवर टाच फिरवून बघितली.