नलिनीताईंच्या घरचे आयझॅक

नलिनीताई घाणेकरांची आणि माझी ओळख सदर बाजारातल्या एका किराणा दुकानात झाली. रेल्वेच्या नोकरीत भुसावळहून बदली होऊन मी नुकताच झाशीला आलो होतो. सौ. सुलभा दुकानदाराला जाडे पोहे म्हणजे काय ते हातवारे करून समजावत होती. शेजारी उभ्या असलेल्या एक बाई हसल्या आणि म्हणाल्या, "ते इथे नाही मिळायचे. सीपरी बाजारात मिळतील. चला, मी तिकडेच राहते." त्या दिवशी आम्ही पोहे घेतले, ताईंच्या घरी चहा घेतला आणि परतेपर्यंत त्यांनी आम्हाला दूधवाला, डॉक्टर आणि मुलीची शाळा, तिन्ही ठरवून दिले होते.

ताई तेव्हा महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांचं घराणं पेशवाईच्या काळापासून इथलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी अस्सल बुंदेली. त्यांच्या विद्यार्थ्यांनी या गौरवग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी लिहिलंच आहे. आपल्या इथल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव त्यांनी चाळीस वर्षं सांभाळला, तेही सर्वांना ठाऊक आहे. मला लिहायचं आहे ते गेल्या तीन वर्षांतल्या एका गोष्टीविषयी. त्यात माझी बाजू चांगली नाही, पण ती सांगितल्याशिवाय ताई सांगता येणार नाहीत.

आयझॅक युगांडाहून इथे शेतीच्या उच्च शिक्षणासाठी आले. ताई तोवर निवृत्त झाल्या होत्या. झाडांचे नमुने वाळवून कागदावर कसे लावायचे, ते शिकायला आयझॅक त्यांच्याकडे येऊ लागले आणि पुढे वरच्या खोलीत राहायलाही आले. एका दुपारी दोघं नमुने लावत बसले असताना आयझॅक यांचा हात थांबला. ते म्हणाले, "आंटीजी, आता मी घरी जाऊ शकणार नाही."

त्यांच्या गावात कोणीतरी त्यांचा एका मित्राबरोबरचा फोटो सगळीकडे पाठवला होता. दोन पुरुषांचं प्रेम हा तिथे गुन्हा, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. वडिलांनी फोन करून एवढंच सांगितलं होतं, की परत येऊ नकोस.

ताईंनी विचारलं, "मित्राचं नाव काय?"

"पीटर."

"ते सुखरूप आहेत का?"

आयझॅक नंतर मला म्हणाले, की घडलेलं ऐकून पीटरची चौकशी करणाऱ्या ताई पहिल्याच. तोवर न रडलेले ते तेव्हा रडले. पीटर सीमा ओलांडून केनियात पोहोचले होते. ताईंनी त्यांचा नंबर आपल्या फोनमध्ये घालून घेतला.

त्यानंतर दिल्लीच्या वाऱ्या सुरू झाल्या. शिक्षणाचा व्हिसा संपत आला होता आणि तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात निर्वासित म्हणून नोंद व्हायला हवी होती. गुडघे दुखत असताना ताई तीनदा सकाळच्या गाडीने आयझॅक यांच्याबरोबर गेल्या. आतल्या खोलीत आयझॅक यांना आपलं सारं आयुष्य अनोळखी माणसांना पुन्हा पुन्हा सांगावं लागे. ताई बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसत. बाहेर आल्यावर "काय विचारलं?" असं कधी विचारत नसत, डबा उघडत. परदेशी माणूस घरी राहतो म्हणून इथल्या पोलिसांनाही कळवावं लागे. तिथल्या शिपायाने एकदा विचारलं, "माताजी, ये आपके कौन लगते हैं?" ताई म्हणाल्या, "घर के हैं. लिख लीजिए."

हळूहळू गोष्ट आपल्या माणसांत पसरली. गणपती जवळ आले. मंडळाचा सचिव मी. काही जणांनी मला गाठून सांगितलं, की ताईंनी त्या पाहुण्यांना आणू नये, मुलंबाळं असतात. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मी ताईंकडे गेलो आणि आडून आडून बोललो.

ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "विनायकजी, तुम्ही विचारायला आलात की सांगायला?"

"सांगायला."

"ठीक आहे. मग मीही यायची नाही. राग नाही माझा. पण त्यांना घरी एकटं ठेवून मला तिथे आरतीला उभं राहता येणार नाही."

त्या वर्षी चाळीस वर्षांत प्रथमच प्रतिष्ठापनेला ताई नव्हत्या. फुलं कुठे, निरांजनं कुठे, कोणालाच काही सापडेना. तिसऱ्या दिवशी सुलभा प्रसाद घेऊन त्यांच्याकडे गेली ती दोन तासांनी परतली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांच्या घरी गणपती बसवलाय. आयझॅकना सगळ्या आरत्या पाठ आहेत. आणि आपण त्यांना येऊ नका म्हणालो."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. म्हणालो, "ताई, माझं चुकलं."

"मला कशाला सांगता? ते गच्चीवर आहेत."

आयझॅक गच्चीवर रोपांना पाणी घालत होते. मी हिंदीत, अडखळत, माफी मागितली. त्यांनी झारी खाली ठेवली आणि म्हणाले, "कोई बात नहीं, अंकलजी. चाय पिएँगे?" इतक्या सहज मिळालेली माफी पचायला मला बरेच दिवस लागले.

विसर्जनाला दोघंही आले. दोन कुटुंबं मिरवणुकीतून निघून गेली. त्यांतलं एक पुढल्या वर्षी परत आलं, दुसरं अजून आलेलं नाही. ताई मात्र त्या दोन्ही घरी तिळगूळ घेऊन जातात.

आयझॅक यांना निर्वासित असल्याचा कागद मिळाला, तरी काम मिळेना. ताईंचे एक जुने विद्यार्थी ग्वाल्हेर रस्त्यावर रोपवाटिका चालवतात. त्यांनी आयझॅक यांना आधी महिनाभरासाठी कामावर घेतलं. आता तिथे येणारं गिऱ्हाईक "वो आयझॅक भैया कहाँ हैं?" असंच विचारतं, कारण कोणतं कलम आपल्याकडच्या उन्हाळ्यात तगेल ते तेच नीट सांगतात. पीटर यांचा केनियातला निर्वासित म्हणून केलेला अर्ज अजून अडकलेला आहे. दर रविवारी ते फोन करतात, आणि आयझॅक यांच्याशी बोलून झालं की फोन ताईंकडे जातो. एका बाजूला पीटर यांचं इंग्रजी, दुसऱ्या बाजूला ताईंचं "जेवलात का?" एवढं एकच मराठी.

ताईंनी यातलं काही समाजकार्य म्हणून केलेलं नाही. तसं कोणी म्हटलं तर त्या वैतागतात. दिल्लीच्या त्या कार्यालयातून आता कधीतरी फोन येतो, की आणखी कोणाला काही दिवस निवारा हवा आहे. ताई एवढंच विचारतात, की जेवणात काही वर्ज्य आहे का.

या ग्रंथासाठी आयझॅक यांनी चार ओळी लिहाव्यात, अशी मी विनंती केली. ते आठवडाभर मराठी अक्षरं गिरवत होते. मग एकच वाक्य आणून दिलं. त्यातल्या चुका आम्ही तशाच ठेवल्या आहेत: "ताईच्या घरात मला कोणी नाही विचारले की मी जाणार कधी."

पंचाहत्तरीच्या या प्रसंगी ताईंना आरोग्य लाभो, गुडघ्यांना आराम पडो, आणि आणखी कितीतरी वर्षं त्यांचं दार त्यांच्याच हातांनी उघडलं जावो.