सावलीतला उपसंपादक

तो गेल्या मार्चमध्ये गेला. त्वचेचा कर्करोग. कानावर सुरू झाला, मानेत उतरला.

आमच्या दैनिकाच्या कार्यालयात कधी आला असाल, तर तो तुम्हाला आठवेल. पांढरे केस, पांढऱ्या पापण्या, नाक जवळजवळ संगणकाच्या पडद्याला टेकलेलं. माझी बातमी तपासताना मान न वळवता म्हणायचा, "काळ्या, पहिलं वाक्य उडवलं. लई घाम होता त्यात." बातमी खरोखर सुधारलेली असायची. मला ते सहन व्हायचं नाही.

हेवा जुना होता. आम्ही चितेगावजवळच्या एकाच वस्तीवरचे, दोन्ही घरं मेंढ्यांची. त्याच्या कातडीत जन्मापासून रंग नव्हता, उन्हात ती भाजून निघायची. म्हणून त्याला शाळेत घातलं आणि मेंढरांमागं मला धाडलं. मी शाळेत पोचलो तेव्हा तो वरच्या वर्गात होता.

त्याला माझा हेवा वाटायचा तो वेगळ्या कारणानं. बातमी तपासणाऱ्याचं नाव छापत नाहीत; माझं छापून यायचं. "एकदा मला बाहेर पाठवा," असं तो दर उन्हाळ्यात संपादकांना म्हणायचा. ते नकार द्यायचे.

कानावरची जखम भरेना, तेव्हा दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, उन्हातले अतिनील किरण पेशीतल्या डीएनएत बिघाड करतात. कातडीतला रंग त्यांना बराच अडवतो. पेशी दुरुस्ती करत राहते, पण एखादी चूक राहून जाते आणि त्या पेशीपासून झालेल्या प्रत्येक पेशीत उतरते.

"म्हंजी प्रूफात चूक सुटली अन् सगळा अंक तसाच निघाला," तो म्हणाला. "कधी सुटली असंल?"

"लहानपणापासून साठत आलं असणार," डॉक्टर म्हणाले.

"शाळेच्या वाटंवर." तो माझ्याकडं वळला. "अन् तू म्हनायचास, गोऱ्याची मजा हाय."

कानाचा भाग काढला. पुढं मानेत गाठ आली. आता उपयोग नाही म्हणून उपचार थांबले, तेव्हा संपादकांनी त्याला विचारलं, काय हवंय?

"चिकलठाण्याच्या पल्याड मेंढपाळांचा तळ पडलाय. प्लॉटिंगमुळं चरायला जागा उरली नाय. ती बातमी."

ती मी आधीच मागितली होती. "मेंढ्या मला ठाऊक आहेत," मी म्हणालो.

"व्हय. म्हनूनच तुला दिसायच्या नाहीत."

संपादक हसले. बातमी त्याला मिळाली.

तो दिवसभर कळपामागं चालला. रविवारी त्याची बातमी पहिल्या पानावर, त्याच्या नावानिशी आली. माझी पाचव्या पानावर होती.