धुराड्यातली रजई

सौदीतल्या बुरैदाची थंडी हाडांत शिरते. म्हणून आमच्या भाड्याच्या घरातही बैठकीच्या खोलीत शेकोटीचा कोनाडा होता आणि त्याच्यावर थेट गच्चीपर्यंत गेलेलं धुराडं. आखाती युद्ध सुरू झालं आणि ऑफिसातून पत्रक आलं: एक खोली प्लास्टिक नि चिकटपट्टीने बंद करा, ओले टॉवेल जवळ ठेवा. एका विषारी वायूला लसणासारखा वास येतो, असंही त्यात होतं.

एकच खिडकी म्हणून मी बैठकीची खोली निवडली. खिडकीवर चिकटपट्टीचे सहा रोल संपवल्यावर माझ्या लक्षात आलं, की वरून हातभर रुंद भोक उघडंच आहे. गच्चीवर चढलो आणि सासूबाईंनी दिलेली रजई धुराड्याच्या तोंडात कोंबली. घरी काही बोललो नाही. रजई सासूबाईंची होती ना!

मुलगी सहा वर्षांची, गारठ्याने खोकत होती. बायको रोज म्हणायची, "अहो, शेकोटी पेटवू या." मी रोज नवं कारण शोधायचो.

त्यात घरमालक. दर दोन दिवसांनी लाकडं घेऊन यायचे, कोनाड्यात डोकं घालून वर बघायचे. शेतावरच्या मजुरांकडून शिकलेल्या हिंदीत विचारायचे, "धुआँ किधर?"

"सर्दी नहीं लगती," मी म्हणायचो. दात वाजत असायचे.

"हे हेरायला येतात," बायको म्हणाली. "घर खाली करून हवंय त्यांना."

"मला वाटतं, आपण धुराड्यात काहीतरी लपवलंय असा त्यांना संशय आहे."

"लपवलंय का?"

"छे!"

एका दुपारी मुलीला घेऊन त्या खोलीत बसलो होतो. कोनाड्यातून वास आला. लसणाचा. ओला टॉवेल मुलीच्या तोंडावर दाबला आणि ओरडलो, "आत ये! दार लाव! लसणाचा वास येतोय!"

"येणारच," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "पिठल्याची फोडणी आहे. हल्ली धूर जातच नाही, डोळे चुरचुरतायत."

तेवढ्यात घरमालक दारात. टॉवेलातली मुलगी, घामाघूम मी, घरभर धूर. ते थेट गच्चीवर गेले. मागोमाग आम्ही दोघं. त्यांनी धुराड्यातून रजई ओढून काढली, काजळीने काळीठिक्कर. स्वयंपाकघराचा धूरही त्याच धुराड्याला जोडलेला होता. हे विचारायचं मला सुचलं नव्हतं, आणि मी इंजिनियर.

घरमालकांनी गालाखाली हात ठेवून झोपल्याची खूण केली. "इसके नीचे कोयला जलाओ, दरवाजा बंद करो, सो जाओ. तीनों खलास."

बायकोचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मी आज रात्री पेटवणारच होते. तुम्हाला न विचारता."

मी कसाबसा घरमालकांना म्हणालो, "लेकिन ऊपर से कुछ आया तो?"

"ऊपर का अल्लाह देखेगा. नीचे का तू देख."

खजुराच्या झावळ्यांची जुडी दोरीला बांधून त्यांनी धुराडं झाडून दाखवलं. संध्याकाळी आम्ही शेकोटी पेटवली. मुलगी न खोकता झोपली. मी मात्र ओला टॉवेल मांडीवर घेऊन धुराड्याकडेच बघत होतो.

बायको म्हणाली, "आणखी कुठे काय कोंबलंय?"

"काही नाही. मुलीची शपथ!"

तिने मान डोलावली, उठली आणि टॉर्च घेऊन न्हाणीघराचा झरोका तपासायला गेली.