वहीत नाव आहे, पण आत येता येत नाही

"आधीच नोंदलेले आहेत म्हनतंय न्हवं? मग झालं की काम!" ऊस नोंदवायला आलेल्या शालनवहिनी स्क्रीनवरची ओळ वाचून टाळी वाजवत म्हणाल्या. मी घड्याळ पाहिलं. पावणेपाच.

मी सांगलीचा सॉफ्टवेअरवाला. कडेगावकडच्या एका साखर कारखान्यासाठी मोठ्या थाटात अ‍ॅप केलं होतं. सभासदाने स्वतःच खातं उघडायचं आणि उसाच्या लागणीची नोंद करायची. मुदत आज पाचपर्यंत. नंतरच्या नोंदींची ऊसतोड सगळ्यात शेवटी.

खाती असतात डिरेक्टरीत. ती म्हणजे कारखान्याची एकच हजेरीवही. कुठलंही अ‍ॅप तिलाच विचारतं, हा माणूस आपला का? मी शहाण्याने फॉर्म भरताक्षणी वहीत नाव जाईल असं केलं होतं. ओटीपी नंतर. तो टाकेपर्यंत नाव कच्चं.

वहिनींनी पहिल्याच दिवशी फॉर्म भरला होता. नंबर दिला मुलाचा. मुलगा सरहद्दीवर.

"तितं फोन जमा करून घेत्यात, साहेब."

"मग त्याचा नंबर का दिला?"

"आवं, ग्यास त्याच्या नंबरवर, ब्यांक त्याच्या नंबरवर. मग ऊस काय शेजाऱ्याच्या नंबरवर घालू?"

ओटीपी कधीच मेला होता. नवा नंबर टाकला, की वही म्हणे, नाव आहे. जुनं खोडावं, तर अ‍ॅपला खोडायचा अधिकारच नाही. तो मीच काढून घेतला होता. सुरक्षितता! त्यावर मीटिंगमध्ये भाषणही ठोकलं होतं. खोडू शकणारे एकच, कारखान्याचे सिस्टीम मॅनेजर. ते महाबळेश्वरला, धो धो पावसात, नॉट रिचेबल.

मी शेतकी अधिकाऱ्यांना फोन लावला. "साहेब, कागदावर घ्या ना एक नोंद."

"कागद बंद करा म्हणून कोण नाचत होतं?"

पाच वाजले. स्क्रीनवरचं बटण करडं झालं. वहिनींनी पिशवी उचलली.

"माझ्यामागनं आल्याली समदी आत गेली. लय भारी केलंय हो तुमी."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी नाव खोडलं. मिनिटात नोंद झाली, यादीच्या शेपटाला. त्या उसाला तोड आली भर उन्हाळ्यात. तुरा फुटून आतून पोकळ झाला होता.

आता ओटीपी येईपर्यंत नाव वहीबाहेर थांबतं आणि तो आलाच नाही तर एका दिवसाने आपोआप पुसलं जातं. एवढ्या बदलाला मला अर्धी दुपार लागली. माणसाला आत घ्यायची घाई सगळ्यांनाच असते. उंबऱ्यात अडकलेल्याला कोण सोडवणार, ते आधी ठरवावं.