ट्राउटसाठी तीन माश्या

तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते त्या वर्षांत, वयाची पस्तिशी उलटून गेल्यावर, मी गळाला लावायच्या माश्या बांधायला शिकले. घरामागे समुद्र होता, आसपासची गावे त्याच्यावर पोट भरत होती, आणि मी ज्या माशासाठी खटपट करत होते तो मात्र त्या समुद्रात नव्हता. ट्राउट हा थंड प्रदेशातला मासा. इंग्रजांनी आणून सोडल्यापासून तो कुलूकडच्या डोंगरी नद्यांत राहतो. पाण्यावर उतरणारे किडे तो खातो, म्हणून गळाभोवती पीस, लोकर आणि रेशीम गुंडाळून किड्याचा आभास निर्माण करतात. अशा गळालाच त्या छंदातले लोक माशी म्हणतात.

माझे लग्न उशिरा झाले. त्यापूर्वी मी पुण्यात मुलींच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवत असे. यजमान केंद्रावर अभियंता असल्यामुळे मी नोकरी सोडून वसाहतीत आले आणि पहिल्या सहा महिन्यांत माझ्या लक्षात आले की इथे माझ्या शिक्षणाचा उपयोग फक्त ओळख करून देताना होतो. "ही एम. ए. आहे," असे यजमान सांगत आणि पुढच्या विषयाकडे वळत. त्यांच्या वरिष्ठांपैकी एक परदेशी होते. त्यांच्या पत्नीकडे दर मंगळवारी जाऊन बसावे, अशी सूचना यजमानांचीच.

"तुझं इंग्रजी सगळं पुस्तकात आहे," ते म्हणाले, "तोंडात काही उतरलेलं नाही."

त्या बाई साठीच्या आसपासच्या होत्या आणि मुळीच बोलक्या नव्हत्या, त्यामुळे आमचे जमले. जेवणाच्या टेबलाच्या कडेला त्यांनी एक लहानसा लोखंडी चिमटा स्क्रूने घट्ट बसवला होता. त्यात गळ पकडून त्या माशी बांधत आणि मी पाहत असे. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी खुर्ची सोडली आणि मला तिथे बसवले.

मी पहिली माशी निवडली ती अर्थातच चुकीची. भरतकाम मला येत होते. लाल रेशमाचे अंग, त्यावर जरीचे वेढे आणि शेपटीला पोपटी पीस अशी एक माशी त्यांच्या डब्यात होती, तिच्यावर माझी नजर गेली. दोन आठवड्यांत मी ती बांधली. बाईंनी ती उजेडात धरून पाहिली.

"सुंदर आहे. हरवली तर वाईट वाटेल?"

"वाटेल."

"मग ती बांधू नका. नव्या माणसाच्या निम्म्या माश्या झाडात अडकतात. ज्या तुटल्या तरी वाईट वाटणार नाही, आणि तुटल्यावर तशाच पुन्हा बांधता येतील, अशा तीनच निवडा. एक तरंगणारी, एक बुडणारी आणि एक कशासारखीच नसलेली."

या तिन्हींची निवड करण्यात माझा सारा हिवाळा गेला. तरंगणारीसाठी म्हाताऱ्या कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस लागते, कारण कोवळ्या कोंबड्याचे पीस पाण्यात लोळते; शिवाय मला रंग हवा होता राखेचा. बुडणारीला कोंबडीचे मऊ तपकिरी पीस आणि जुन्या स्वेटरची लोकर पुरे होती. कशासारखीच नसलेली मी मोरपिसाच्या तंतूंची केली. जवळून पाहिले तर ती खरोखरच कशासारखी दिसत नसे, आणि तरी ती जिवंत वाटे. पिसे घरात आणायला यजमानांची हरकत नव्हती, परंतु देवघराला लागून असलेल्या खोलीत ती नकोत, एवढे त्यांनी बजावले. मागच्या व्हरांड्यात समुद्राचा वारा पिसे उडवून नेई, म्हणून मी तिथल्या झावळ्यांच्या झापा ओढून, गळ बोटांतच धरून, घामाघूम होऊन बांधत असे.

पिसे आणून देई ती आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई. डोंगराकडच्या पाड्यावरची, भात झोडून झाले की ती आणि तिचा नवरा कामासाठी इकडे उतरत.

"बाई, तुमी कोंबडा खात नाय, अंडा खात नाय, मंग पिसा नेऊन करता काय?"

"मासा पकडायला."

"मासा पन खात नाय तुमी."

"नाही."

"मंग पकडून?"

"सोडून देईन."

ती हसली नाही, भांडी घासायला वळली. पुढच्या खेपेला मात्र तिने पदराच्या गाठीतून राखाडी पिसांचा जुडगा काढला. "म्हातारा झाला व्हता, देवाला दिला. सासरा म्हनतो, त्या बाईला सांग, मासा सोडायचाच हाय त त्याला घरीच बसू दे."

फेब्रुवारीपर्यंत माझ्या राखाडी माश्या एकमेकींसारख्या दिसू लागल्या. परदेशी बाईंनी आपली गळाची काठी देऊन मला बंगल्यासमोरच्या गवतावर दोरी फेकायला शिकवले. रस्त्याने बोईसरकडे जाणारे मजूर थांबून बघत. "मेमसाब, घास में कौन-सी मछली है?" एकाने विचारले, आणि दुसऱ्याने त्याला गंभीरपणे सांगितले, "सूखी।" मला फार संकोच वाटे; पण मी थांबले नाही. कारण एप्रिलात बाई आणि त्यांचे पती कुलूला जाणार होते, आणि एकदा माझ्यासाठी चिमट्यात गळ बसवताना त्या सहज म्हणाल्या होत्या, "ही तुम्हीच टाका पाण्यात." तेवढ्या एका वाक्यावर मी तो हिवाळा काढला. ज्याला माझी पदवी ठाऊक नाही, माझ्या नवऱ्याचा हुद्दा ठाऊक नाही, असा एक मासा माझे काम खरे मानतो की नाही, हे मला पाहायचे होते. दुसरे काहीही नको होते.

मार्चच्या सुरुवातीला त्यांनी आम्हा दोघांना चहाला बोलावले. चहा ओतून झाल्यावर बाई माझ्याकडे वळल्या.

"एप्रिलात तुम्ही दोघे आमच्याबरोबर चला."

मी म्हणाले, "नको, नको. तुम्हाला उगीच त्रास."

हे मी का म्हणाले ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आमच्या घरी वाटीभर शिराही पहिल्या खेपेला कुणी घेतला नाही. पहिल्यांदा नको म्हणायचे, दुसऱ्यांदा बघू म्हणायचे, तिसऱ्यांदा यजमानीणबाई रागावल्यासारखे करतात आणि मग घ्यायचे. मी दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत कपाकडे बघत बसले.

यजमानही त्याच वळणातले. "मलाही सुटी मिळणं कठीण आहे," ते म्हणाले, आणि वर जोडले, "आणि हिला घाट लागला की मळमळतं." आयुष्यात एकदाच मला खंडाळ्यात मळमळले होते.

साहेबांनी यजमानांच्या खांद्यावर थाप मारली. "सुटी मी देणार आहे. ते काही नाही, तुम्ही येताय." बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. त्यांच्याकडे, अडचण सांगणाऱ्याची अडचण दूर करतात, पण नाही म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा विचारणे हा त्याचा अवमान समजतात. हे मला फार नंतर कळले. "तुमची इच्छा," त्या हळूच म्हणाल्या, आणि बिस्किटांची बशी पुढे केली. मी बिस्कीट घेतले.

घरी येताना मी म्हटले, "अहो, मला यायचं होतं."

"मग नको कशाला म्हणालीस?"

"तुम्हीही म्हणालात."

"मला त्यांनी आग्रह केला."

"आता सांगता येणार नाही का?"

"आता? आपणहून? बरं दिसतं का ते?"

बरे दिसत नव्हते. त्यामुळे पुढच्या मंगळवारीही मी बाईंना काही बोलले नाही. नुसती बांधत राहिले. यजमानांना माश्या लागणारच होत्या. पत्र्याच्या डब्यात त्यांच्यासाठी मी तिन्ही प्रकारच्या भरल्या. त्यांनी डबा उघडून पाहिला. "सगळ्या मळकट दिसतात. ती लाल कुठाय?" लाल माशी त्यांनी आपल्या टोपीत खोचली. बोईसर स्टेशनवर मी जीपने त्यांना सोडायला गेले तेव्हा बाई गाडीच्या खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला, मीही केला.

परत आल्यावर यजमान चार दिवस शेजाऱ्यांना नदीच्या गोष्टी सांगत होते. लाल माशी पहिल्याच सकाळी देवदारात अडकली होती. "पण माझी ती राखाडी," ते म्हणत, "ती पडायचा अवकाश, मासा वर आलाच." शेजारच्यांनी विचारले, माश्या कुठून आणल्या. "घरीच बनवलेल्या," ते म्हणाले. मी पोहे वाढत होते.

डबा मी त्यांच्या सामानातून काढला. तळाशी एक राखाडी माशी उरली होती. तिचे पीस चावून चपटे झाले होते, रेशमाचे दोन वेढे तुटले होते, आणि लोकर बारीक दातांनी ओढलेली दिसत होती. मी ती बराच वेळ तळहातावर धरून बसले. मासा कसा होता, केवढा होता, पाण्यातून वर येताना दिसला का, हे मला यजमानांना विचारावेसे वाटले नाही.

पावसाळ्याआधी साहेबांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी घरातले सामान खोक्यांत गेले होते. बाईंनी टेबलाच्या कडेचा चिमटा सोडवला आणि माझ्यापुढे धरला. "हा तुम्ही घ्याल?"

"घेते," मी म्हणाले.

त्या पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. साहेब हसले. यजमान मात्र हसले नाहीत. आम्ही फाटकाबाहेर पडलो. चिमटा माझ्या पदराखाली होता आणि त्याचा स्क्रू पोटाला बोचत होता.

"एकदा तरी नको म्हणायचं असतं," ते म्हणाले. "एवढी शिकलेली तू. काय वाटलं असेल त्यांना?"

मी चिमटा पदराखाली नीट धरला. माझ्याकडे उरलेले गळ त्याच पावसाळ्यात खाऱ्या हवेने गंजले.