काकांचा हँडब्रेक

ब्रेक दाबायच्या आधी काका शेजारी बसलेल्याचा हात धरून सीटच्या कडेवर टेकवत आणि म्हणत, “आता खरं सांगायचं. थरथरतंय की नाही?”

तुमच्याही सोसायटीत असा एखादा गाडीवेडा असेल, आणि त्याला चुकवायच्या वाटाही तुम्हाला पाठ असतील. सुरतेतल्या आमच्या सोसायटीत तर भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्या बायकासुद्धा या परीक्षेतून सुटल्या नव्हत्या. मी शेजारीण, त्यामुळे माझी परीक्षा सगळ्यात जास्त वेळा झाली.

काका बँकेतून निवृत्त झालेले. गाडी त्यांच्या सासऱ्यांची, गोल दिव्यांची, बारडोलीला घरामागे वर्षानुवर्षं गंजत पडलेली. काकांनी ती टेम्पोत घालून आणली, इंजिन उघडलं, पत्रा बदलला, मूळचाच फिकट हिरवा रंग दिला. इतकी देखणी झाली की पोरं तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढत. फक्त ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायचं आणि मागची सीट हलायची. चाकांचं बॅलन्सिंग झालं, टायर बदलले, ब्रेकचे ड्रम लेथवर घासून आणले. “गेली!” म्हणून काका पेढे वाटायचे. थोड्याच दिवसांत थरथर परत हजर.

दर रविवारी सासऱ्यांचा फोन. “जावईबापू, आणा हो गाडी. थरथरेना का! या वयात मीही थरथरतो.”

“एवढं नीट झालं की आणतोच, बाबा.”

फोन ठेवला की काकांचा चेहरा पडायचा. का, ते मला काकूंनी एकदा मटार सोलताना सांगितलं. त्यांचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही. लग्न नवं असताना काकांनी हीच गाडी सासऱ्यांकडून मागून आणली होती. इथल्याच पर्वत पाटिया चौकाजवळ ब्रेक लागला नाही, गाडी उभ्या ट्रकवर गेली, आणि काकूंचा हात मोडला. “माझे बाबा यांना एका शब्दानं बोलले नाहीत,” काकू म्हणाल्या. “बोलले असते तर बरं झालं असतं. हे अजून भोगतायत.”

म्हातारबाबा दिवसेंदिवस खचत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत काकांना गाडी निर्दोष करून परत द्यायची होती.

एके दिवशी उधना भागातला एक गॅरेजवाला दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीसाठी सोसायटीत आला होता. त्याच वेळी काका फेरी मारून आले, पाय रोवून दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, वर चाकांखाली विटाही लावल्या.

गॅरेजवाल्यानं कपाळावर हात मारला. “अरे काका, आ शुं करो छो? गरम ड्रम पर इतना खींचोगे तो वो गोल कैसे रहेगा?”

तापलेला ड्रम आवळून ठेवला की तसाच निवतो आणि वाकडा होतो, एवढं मलाही कळलं. काका विटेवरच बसले. “म्हणजे मीच?” त्यांनी विचारलं. मला आलेलं हसू घशातच राहिलं. गाडी पुन्हा सुटू नये या धास्तीनं हा माणूस रोज ती स्वतःच बिघडवत होता.

नवे ड्रम बसले. गाडी गिअरमध्ये टाकून उभी करायची सवय काकांनी मोठ्या कष्टानं लावून घेतली. मग आम्ही बारडोलीला गेलो. म्हातारबाबांना धरून पुढच्या सीटवर बसवलं, मी आणि काकू मागे. उसाच्या शेतांमधून काकांनी एक चक्कर मारली आणि ब्रेक दाबला. गाडी लोण्यासारखी थांबली.

“बाबा, तेव्हा मी...” काकांनी सुरुवात केली.

“ब्रेक ढिला होता,” म्हातारबाबा समोर बघत म्हणाले. “मला माहीत होतं. तुम्ही पहिल्यांदाच काही मागितलं होतं. ब्रेकचं सांगितलं असतं, तर सासरा गाडी द्यायचं टाळतो असं वाटलं असतं. म्हणून मुकाट्यानं किल्ली दिली.”

काकांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. दोघंही रडत होते, आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

“हात माझा मोडला होता,” काकू शांतपणे म्हणाल्या. “मला कुणी काही विचारलंच नाही.”

काका उतरले, मागचं दार उघडून काकूंसमोर उभे राहिले.

“अजून दुखतो का गं?”

“थंडीत,” काकू म्हणाल्या.