वाघर

सिदूचं कौतुक मी करणार नाही. ते करायला आमच्या केज गावात बाकीचे अठ्ठावीस जण आहेत.

आमचा प्रोग्रामिंग करणाऱ्यांचा तीस जणांचा गट. प्रत्येकाने आपलं काम एकाच ठिकाणी ठेवावं, दुसऱ्याने ते बघावं, सुधारावं, म्हणून मी एक साइट बनवली. चार महिने डोळे फोडले. फक्त नाव ठरायचं होतं. मी आजोबांचं सुचवलं: बंकट. आमच्याकडे कमानीपासून पाणपोईपर्यंत सगळ्याला तेच नाव आहे, त्यात गैर काय?

रविवारी एका क्लासच्या खोलीत सगळे जमले. सिदू मागच्या बाकावर होता. हा मेंढपाळाचा पोरगा, मेंढरांमागे फिरत मोबाइलवर शिकलेला. त्याचे वडील दर उन्हाळ्यात खतासाठी आमच्या रानात मेंढरं बसवतात. आणि मी पुण्याहून इंजिनीअर होऊन आलेला!

"वाघर म्हना," तो म्हणाला. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. "चार घरची मेंढरं एकाच वाघरीत बसत्यात. ज्याची त्याची खून पाठीवर असती. कुनाचं कुनाकडं जात न्हाई."

गटातल्या मोहिनीने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. माझ्या साइटवर, माझ्यासमोर! माझा नुसता जळफळाट झाला. अठ्ठावीस हात वर गेले. माझा गेला नाही. सिदूने स्वतःच्या नावाला मत दिलं नाही, तो साधेपणाही मला खपला नाही.

नाव नोंदवायचं काम माझ्याकडे होतं. घरी येऊन बघितलं तर वाघर मोकळं होतं. ते मी गुपचूप माझ्या खासगी खात्यावर घेतलं आणि गटावर लिहिलं, "हे नाव कुणीतरी आधीच घेतलंय. बंकट मिळतंय." सगळे हळहळले आणि कबूल झाले.

साइट सुरू झाली. मंगळवारी सिदू एसटी स्टँडवर भेटला. चहा त्यानेच सांगितला. आता हा विचारणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं.

"अंगदभाऊ, ते नाव ज्यानं घेतलं त्याच्याबी घरी मेंढरं असतील बगा. न्हाईतर कावून घेईल कुनी? सापडला तर सांगा. आपल्यात घिऊ त्याला."

सांगतो म्हणालो. त्याचा इतका राग मला त्या रविवारीही आला नव्हता.